दिल्लीला गेलेली घागर

आमच्या कार्यालयाच्या नावातच राष्ट्रपती होते, त्यामुळे साहेबांची मान कायम ताठ. राष्ट्रपती जनसंपर्क कार्यालय, वाशीम शाखा. राष्ट्रपतींचं म्हणणं जनतेपर्यंत न्यायचं आणि जनतेचं राष्ट्रपतींपर्यंत, एवढंच काम. पहिलं काम जीपवरचा भोंगा करायचा. दुसरं कोण करायचं, ते मला तीन वर्षांत कळलं नाही. मी तिथला फोटोग्राफर, जगदेव.

१९७३ चा उन्हाळा. आदल्या साली पावसानं तोंडच दाखवलं नव्हतं. अशात दिल्लीहून पत्र आलं की प्रदर्शनासाठी एक फोटो पाठवा, सगळं गाव एकाच विहिरीवर पाणी भरत असल्याचा. मी म्हटलं, "साहेब, असं गाव आपल्याकडे कुठं आहे?"

"नसलं म्हणून काय झालं? फोटोपुरतं करायचं."

आसेगावच्या रस्त्यावरचं एक गाव ठरलं. नाव सांगत नाही, सांगून तोंड विटाळायचं नाही मला. तिथले सरपंच शेषराव लगेच तयार झाले.

"फोटोपुरतंच ना साहेब? मंग भरू द्या बौद्ध वस्तीतल्या एखाद्या बाईले पानी. गावाचं नाव दिल्लीले जाते, काय वाईट हाये?"

बौद्ध वस्तीतून बाई आणायचं काम माझ्यावर आलं, कारण मीही बौद्ध. साहेबांनी हे चहा सांगावा तितक्या सहज सांगितलं. मीही तितक्याच सहज गेलो.

तुळसाबाई नाल्यात खड्डा उकरून वाटीवाटीनं पाणी घेत होती. गढूळ पाणी, कडेला जनावरांचे खूर उमटलेले. एका घागरीला तिची अर्धी सकाळ जात असे.

"इहिरीवर? काहून बाप्पा, मार खाऊ घालतो का मले?"

"आत्या, हा फोटो खुद्द राष्ट्रपती पाह्यतीन. मंग तुले कोन अडवते?"

"मंग रोज भेटन पानी?"

"भेटन," मी म्हणालो. कशाच्या जोरावर म्हणालो, माझं मला ठाऊक नाही.

तिनं वाटी पदराला पुसली. "तू आपला हायेस म्हून येतो मी," म्हणाली आणि रिकामी घागर उचलून निघाली.

विहिरीवर शेषराव धुतलेला सदरा घालून रहाटाला हात लावून उभे राहिले. बाजूला गावातल्या चार बायका, पदर सावरून, अंग चोरून. साहेब ओरडत होते, "हसा! मोकळ्या मनानं हसा!" बाराच्या रोलमधले मी दहा फोटो काढले. दहाव्या वेळी तुळसाबाई खरंच हसली. घागर गळ्यापर्यंत भरली होती.

"झालं?" शेषरावांनी विचारलं.

मी झालं म्हणताच त्यांनी पायानं घागर लवंडली. दोन गडी पुढे आले आणि बाटलेलं पाणी म्हणून विहिरीतून बादल्या उपसून मातीत ओतू लागले. नाल्यात वाटीनं पाणी भरणाऱ्या बाईसमोर! तिचे पाय भिजले. ती शेषरावांकडे नाही, माझ्याकडे पाहत होती.

"चला," साहेब चष्मा पुसत म्हणाले. "गावच्या भानगडीत आपण पडायचं नसतं."

मी जीपमध्ये बसलो. थू माझ्यावर! गळ्यात कॅमेरा होता आणि मी तो मांडीवर घेऊन मुकाट बसलो.

फोटो दिल्लीत गाजला. एक प्रत साहेबांच्या खुर्चीमागे लागली. साहेबांपुढे गेलो की मी नजर जमिनीवर ठेवायचो. शेवटी न राहवून मी वस्तीत गेलो आणि तुळसाबाईच्या नावानं राष्ट्रपतींना अर्ज लिहिला: गावच्या विहिरीवर आम्हाला मज्जाव आहे, वस्तीला वेगळी विहीर द्यावी. अक्षर वळणदार काढलं. वाटलं, तेवढंच पाप फिटेल.

तीन महिन्यांनी उत्तर आलं, आमच्याच कार्यालयाच्या पत्त्यावर. सोबत मी काढलेला तोच फोटो टाचलेला. गावातील विहीर सर्वांसाठी खुली आहे. अर्जदार बाई स्वतः तेथे पाणी भरताना सोबतच्या छायाचित्रात स्पष्ट दिसतात. सबब वेगळ्या विहिरीची गरज दिसत नाही.

"तुम्हीच नेऊन द्या," साहेब म्हणाले, "आणि पोच म्हणून अंगठा घेऊन या."

मी तुळसाबाईला पत्र वाचून दाखवलं. तिनं फोटो हातात घेतला, उलटा झाला होता तो सरळ केला आणि किती तरी वेळ पाहिला.

"हे मीच ना रे?"

"हो आत्या."

"अन् घागर लवंडली, थो फोटो कुठी हाये?"

"तो नाही काढला."

"काहून? सरले होते फोटो?"

रोलमध्ये दोन शिल्लक होते.

"हो," मी म्हणालो, आणि शाईची डबी उघडून तिच्यापुढे धरली.