कागद दाखवा

शेजारचे क्नाउससाहेब, हेर क्नाउस, अलुबुखारांचा केक घेऊन दारात उभे राहिले, तेव्हाच गेर्डाने ओळखलं की या माणसाचं काहीतरी अडलेलं आहे. जोडघराच्या दोन भागांत, मध्ये एकच भिंत, अशी त्यांची निम्मी हयात गेली. पण त्या घरातून साधं सफरचंद कधी आलं नव्हतं. यायची ती फक्त झाडूची पाटी. पुढची सामाईक पायवाट झाडायची पाळी दर आठवड्याला बदलते, आणि ज्याची पाळी त्याच्या दारावर ती लाकडी पाटी लटकते. नवऱ्याला, फोल्करला, पुरून गेर्डा घरी आली त्या दुपारी पाटी तिच्या दारावर होती. क्नाउसांनी स्वतःच्या हाताने लावलेली, आणि तीही अगदी सरळ.

"या," ती म्हणाली.

"सरकारचं काही खरं नाही हो, फ्राउ लुट्झ," केक टेबलावर ठेवत क्नाउस म्हणाले. "आधी म्हणे घर तापवायचे गॅसचे बॉयलर बंद. मग म्हणे, थांबा, तसं नाही. मग म्हणे तसंच, पण उशिरा. आता नवे आलेत, ते म्हणतात सगळं परत बघू. मी प्रत्येक मसुदा वाचलाय."

"तुम्ही नाही वाचणार तर कोण वाचणार!"

"शेवटी ठरवलं. हीट पंप. बाहेरच्या हवेतली ऊब ओढून घर तापवतो. कायदा कुठेही वळू दे, पंपाला कोणी हात लावणार नाही. फक्त त्याचं बाहेरचं खोकं ठेवायला माझ्याकडे जागा नाही. दोन बाजूंना रस्ता, मागे जिना. तुमच्या मागच्या पट्ट्यात मात्र..."

तो पट्टा म्हणजे फोल्करची लाकडं रचायची जागा. दहा वर्षं ती रिकामी होती, आणि ती रिकामी कोणी केली हे बोलणाऱ्याला बरोबर ठाऊक होतं.

फोल्करच्या वडिलांनी युद्धानंतर बांधलेली मातीची शेगडी, हिरव्या फरशांची, बसायला कडेने बाक असलेली. धुराचे नियम बदलले, तरी खूप जुन्या शेगड्यांना सूट होती. क्नाउसांनी तक्रार केली. धुराडी तपासणारा बिचारा चुळबुळत म्हणाला, जुनी तर दिसतेच आहे. मागून क्नाउस म्हणाले, "दिसण्यावर काय आहे? कोणत्या साली बांधली, कागद दाखवा." बापाने स्वतःच्या हाताने लिंपलेल्या शेगडीचा कागद कुठून आणायचा? शेगडी बंद झाली. फोल्करची छाती तेव्हा पार निकामी झाली होती आणि वरच्या खोलीतला रेडिएटर नावाला कोमट व्हायचा. सगळा हिवाळा तो त्या थंड बाकावर घोंगडी पांघरून बसला, खोकत. वसंत त्याने पाहिला नाही.

हे सगळं गेर्डाच्या डोळ्यांपुढून गेलं आणि तिने केक कापला.

"ठेवा की खोकं," ती म्हणाली. "जागा पडूनच आहे."

क्नाउसांना इतक्या सहज होकाराची सवय नव्हती. त्यांनी कोटाच्या खिशातून नाशपातीच्या दारूची बाटली काढली, दोन पेले भरले आणि उभे राहिले. "वयाने मी थोरला, म्हणून मीच म्हणतो. आजपासून मी एकहार्ड, तू गेर्डा."

त्या गावात हे साधंसुधं नाही. पेल्याला पेला लावून एकदा अरेतुरे केलं की ते मरेपर्यंत. शब्द फिरवणाऱ्याला गावात कोणी दारात उभं करत नाही. गेर्डाने पेला लावला, हात मिळवला. "घे रे, एकहार्ड," ती गोड हसून म्हणाली, आणि दारू इतकी कडक असूनही तिचा घसा जराही जळला नाही.

उन्हाळ्यात क्नाउसांचा बॉयलर तुकडे करून भंगारात गेला. पट्ट्यात काँक्रीट ओतलं गेलं, करड्या रंगाचं खोकं बसलं. त्याच सुमारास गेर्डाने गवंडी बोलावला आणि नवी शेगडी बांधायला घेतली, शिक्क्याच्या कागदासकट, नियमात बसणारी. जुनी काढून नवी मात्र समोरच्या भिंतीला लावायला सांगितली.

"अहो, धुराडं इथे आहे," गवंडी म्हणाला. "तिकडे नेलं तर बाहेरून नवं चढवावं लागेल. हा वेडेपणा आहे."

"असू दे. जुनी शेगडी पलीकडच्यांची भिंतही फुकटात तापवायची. आता माझं लाकूड मलाच तापवेल."

पहिलं गोठलेलं दव पडलं त्या सकाळी तिने क्नाउसांची घंटा वाजवली.

"हेर क्नाउस, तुमचं खोकं माझ्या जागेतून काढा."

क्नाउस हसले. थट्टा वाटली त्यांना. मग 'हेर क्नाउस' हे शब्द कानांतून आत उतरले आणि चेहरा पांढरा पडला. "गेर्डा, काय बोलतेस? आपण हात मिळवलाय!"

"कागद दाखवा."

"शेजाऱ्यापाजाऱ्यांत..."

"कोणत्या तारखेला परवानगी दिली, कागद दाखवा."

जन्मभर दुसऱ्याच्या कागदावर बोट ठेवणाऱ्या त्या माणसाकडे कागद नव्हता. क्नाउस वकिलाकडे धावले आणि मान खाली घालून परत आले. आठवड्याभरात खोकं उचललं गेलं. काँक्रीटच्या ओट्यावर गेर्डाने लाकडं रचली. गावातले सगळे मिस्त्री वसंतापर्यंत अडकलेले. क्नाउसांनी विजेचे हीटर लावले की जुन्या तारा मान टाकायच्या आणि त्यांचं घर अंधारात बुडायचं. बेकरीत दोघी जणींनी गेर्डाशी बोलणं टाकलं. तिने तेही सोसलं, अगदी आनंदाने सोसलं.

एका दुपारी मागच्या दारावर टकटक झाली. क्नाउसांची बायको इर्मा उभी होती, ओठ निळे, हातात विणकामाची पिशवी. फोल्करच्या शेवटच्या हिवाळ्यात नवऱ्याची नजर चुकवून मसुराचं सूप आणून देणारी हीच एक होती.

"तू ये," गेर्डा म्हणाली. "तो नाही."

"त्याला कोण आणतंय?" इर्मा म्हणाली आणि शेगडीच्या बाकावर जाऊन बसली.

ती दुसऱ्या दिवशीही आली, तिसऱ्याही. आठवडा संपायच्या आत तिच्या सपाता बाकाखालीच राहू लागल्या. गेर्डाला राहवेना.

"इर्मा, तुझा राग नाही का गं माझ्यावर? तुझंही घर गोठलंय."

इर्माने सुया थांबवल्या नाहीत. "तुझ्याकडून हात मिळवून आला ना, त्या रात्री त्याने मला विचारलं, लिहून घेऊ का? मी म्हटलं, इश्श, गेर्डासारख्या बाईकडून कागद कसला मागता? लाज नाही वाटणार?"

गेर्डाने हातातलं लाकूड खाली ठेवलं.

"तुझ्या डोळ्यांत काय आहे ते मला केव्हाच दिसलं होतं," इर्मा म्हणाली. "त्या हिवाळ्यात मला भिंतीतून फोल्करचा खोकला ऐकू यायचा. रोज. मी याला म्हणायची, अहो, तक्रार मागे घ्या. आणि हा उठून टीव्हीचा आवाज वाढवायचा."

कोपऱ्यात रेडिओ हळू वाजत होता. शेगडीत एक ओंडका ढासळला. पलीकडे, त्या थंड भिंतीमागे, क्नाउस खोकायला लागले. कोरडा, खोल खोकला, थांबायचं नाव नाही. गेर्डाचा हात नकळत घोंगडीकडे गेला.

इर्माने विणकाम बाजूला ठेवलं, उठली आणि रेडिओचा आवाज वाढवला.