घडी बंद पडली, तर हात पाहा

"घडी बंद पडली, तं घडीले दोष देजो नको पोरी. पहिले हात पाहजो."

नागपूरच्या लकडगंजातल्या एका अरुंद दुकानात म्हाताऱ्या देवाजींनी हे सांगितलं, तेव्हा दीक्षानं मान वर केली नव्हती. तिला सातवा महिना होता आणि ती मोबाइलवर पाळण्यावर लावायचा कॅमेरा शोधत होती. "हात कुठं पळून जाते काका?" असं म्हणून ती हसली. तिचे बाबा, गोपाळराव, तेही हसले. ज्या हाताबद्दल बोलणं चाललं होतं, तो हात त्यांचाच होता.

मित्रांनो, मी एक जुनं, पाण्यात बुडी मारणाऱ्या पाणबुड्यांसाठी घडवलेलं मनगटी घड्याळ आहे. पन्नासेक वर्षांपूर्वी स्वित्झर्लंडमधल्या एका बर्फाळ गावात माझा जन्म झाला. मला सेल लागत नाही. माझ्या पोटात अर्धचंद्रासारखं एक वजन आहे. मनगट हललं की ते फिरतं आणि माझी स्प्रिंग भरते. मनगट थांबलं की मी फार तर दीड दिवस तग धरतो. माझ्या तबकडीभोवती एक कडं आहे. पाण्यात किती मिनिटं झाली, ते त्यावरून कळतं. हे कडं एकाच बाजूला फिरतं. चुकून धक्का लागलाच, तर उरलेला वेळ कमी दिसतो, जास्त कधीच दिसत नाही. अजून खूप वेळ आहे, असं खोटं मला सांगताच येत नाही. ते काम माणसं करतात.

वीस वर्षं मी एका बोटीवरच्या इंजिनियराच्या हातावर सात समुद्र पाहिले. तो गेल्यावर कपाटात पडलो आणि या हातातून त्या हातात विकला जात देवाजींच्या काचपेटीत आलो.

गोपाळराव रामटेकजवळच्या धरणावर दरवाजे सांभाळायचे. निवृत्त झाले, बायको सिंधूताई वारली, आणि तिथल्याच गावच्या घरात ते एकटेच राहिले. त्यांना घड्याळांचा नाद होता. मखमल अंथरलेल्या पत्र्याच्या डब्यात अकरा घड्याळं होती, बारावं पाणबुड्याचं हवं होतं. चार महिने ते दर शनिवारी बसनं दुकानात येत, भिंग लावून पाहत आणि हात हलवत परत जात. त्या दिवशी देवाजींनी दोन घड्याळं पुढ्यात ठेवली. एक आरशासारखं चकाकत होतं. दुसरा मी. माझं काळं कडं राखेसारखं झालेलं, आकडे जुन्या तुपासारखे पिवळे.

"बाबा, तो चमकणारा घ्या न," दीक्षा म्हणाली. "आणि मले सांगा, पोहता येते का तुम्हाला? खिंडसीच्या तलावात पाय बुडवाले घाबरता."

"पोहाले कोन चाललं वं! तुही माय असती, तं या घडीसंगट मले घरात घेतलं नसतं, ते अलग."

देवाजींनी खरं ते सांगितलं. चकाकणाऱ्याला घासून घासून त्याच्या कडा गोल झाल्या होत्या, तबकडी नव्यानं रंगवलेली होती. "याच्यावर दोनशे मीटर लिहलं आहे," माझ्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, "पण अंदरचं रबर म्हातारं झालं, गोपाळराव. वरून धड दिसते म्हणून पाण्यात नेजा नको."

गोपाळरावांनी मला उचललं. "याचं तोंड याचंच आहे. हेच द्या."

मग त्यांनी ती गोष्ट पुन्हा सांगितली, जी दीक्षाला पाठ होती. तरुणपणी धरणाच्या दरवाज्याखाली लाकूड अडकलं, म्हणून मुंबईहून पाणबुड्या आला. त्याच्या हातावर असलंच घड्याळ होतं. दोरीचं एक टोक त्याच्या कमरेला, दुसरं गोपाळरावांच्या हातात. "खालचा माणूस बोलू शकत नाही, दीक्षा. वरच्यानं इचाराचं असते. एक हिसका द्याचा, म्हंजे 'बरा आहेस का?' खालून एक हिसका आला, तं बरा आहे. नाही आला, तं वाट नाही पाहाची. ओढाचं."

"हो बाबा, माहीत आहे," दीक्षा म्हणाली. कॅमेरा तिला तेवढ्यात सापडला होता.

पहिले काही महिने माझे फार सुखाचे गेले. गोपाळराव वेलींना पाणी देत, वाणसामान आणत, प्रत्येकाला मला दाखवत. तिकडे नागपुरात प्रशिकचा जन्म झाला. दीक्षासारखी जागरूक आई दुसरी नसेल, हे मला गोपाळरावांच्या फोनवरूनच कळायचं. बाळाचे श्वास ती मोजायची. कॅमेऱ्यात ब्लँकेट हललं नाही, तर स्वयंपाकघरातून धावत यायची. तापाची वही होती, दुधाची वही होती. दर रविवारी ती बाबांना फोन करी, पण कानाला फोन असला तरी डोळे पाळण्यावर.

मग एका सकाळी मी बंद पडलो. पुन्हा चाललो, पुन्हा पडलो. मी बिघडलो नव्हतो, मित्रांनो. ज्या डाव्या मनगटावर मी होतो, ते हलेनासं झालं होतं. चहाचा कप सुटू लागला, शर्टाची बटणं उजव्या हातानं लागू लागली. गोपाळराव म्हणत, "हात झोपला वाट्टे." मला तोंड नाही. थांबणं एवढंच मला ओरडता येतं. मी ओरडत होतो.

"घडी बंद पडून राहिली वं दीक्षा," ते फोनवर म्हणाले.

"जुनी घेतली न बाबा, आता भोगा. हलवत जा थोडी."

दोन रविवारांनी पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिनं वाक्य पूर्ण होऊच दिलं नाही, कारण प्रशिक शिंकला होता. तेव्हापासून गोपाळराव रोज सकाळी मला उजव्या हातात घेऊन खुळखुळवत आणि पुन्हा डाव्या हातावर बांधत.

शेजारच्या वच्छलाबाईंनी एकदा कुंपणावरून विचारलं, "भाऊ, हात काहून लटकवला गा?"

"घडी भारी आहे वं," गोपाळराव म्हणाले, आणि दोघंही हसले. माझ्या आयुष्यात माझी पुष्कळ स्तुती झाली, पण असा आळ माझ्यावर कधी आला नव्हता.

प्रशिकच्या पहिल्या वाढदिवसाला ते नागपुरात आले. सगळ्यांनी बाळाला उचललं. गोपाळराव खुर्चीतच बसून राहिले.

"घ्या न बाबा."

"नको. घडी लागंन पोराले."

दीक्षाला बरं वाटलं. बाबा किती जपतात, असं ती पाहुण्यांना म्हणाली. निघताना त्यांनी मला तिच्या हातात दिलं. "देवाजीले दाखवजो." तिनं मला बाळाच्या थर्मामीटरच्या खणात ठेवलं. तिथं मी एकोणीस दिवस पडून होतो. कुणाचंही मनगट न हलता.

विसाव्या दिवशी ती मला देवाजींकडे घेऊन गेली. त्यांनी दोन दिवस ठेवून घेतलं. ती परत आली तेव्हा मी त्यांच्याच मनगटावर चालत होतो.

"अर्ध्या मिनिटाचा फरक नाही," ते म्हणाले. "घडी ठणठणीत आहे." मग चष्मा काढून त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "हात पाहिला का, पोरी?"

तिच्या चेहऱ्यावर मला तो वाढदिवस दिसला. खुर्ची, रिकामी मांडी, बाळाकडे न सरकलेला हात. दुकानाच्या पायरीवरूनच तिनं फोन लावला. घंटा वाजत राहिली. मग वच्छलाबाईंना लावला. त्या पळत गेल्या. खिडकीतून पाहून त्यांनी जी किंकाळी फोडली, ती मला पर्समध्येही ऐकू आली.

गोपाळराव सकाळपासून स्वयंपाकघराच्या फरशीवर पडले होते. दुधाचं रिकामं पातेलं शेजारी, अंगाखाली दूध सुकलेलं. डॉक्टर म्हणाले, मेंदूत छोटे छोटे झटके कित्येक महिने येत होते, आज मोठा आला. "हातावर परिणाम दिसला, तेव्हाच आणलं असतं, तर..." ते वाक्य दीक्षा अजून रोज पूर्ण करते.

आता गोपाळराव तिच्या घरी, हॉलमधल्या पलंगावर असतात. बोलत नाहीत. डोळे उघडे असतात, पण ते पंख्याकडे पाहतात की आणखी कुठं, कळत नाही. प्रशिक पलंगाला धरून उभा राहायला शिकला आहे. पाळण्यावरचा कॅमेरा आता या पलंगावर लावलेला आहे. त्यात काही हलत नाही.

दीक्षानं मला परत त्यांच्या डाव्या मनगटावर बांधलंय. रोज संध्याकाळी ती तो हात उचलते आणि पाळण्यासारखा झुलवते, शंभरदा. त्यामुळे मी चालतो. मित्रांनो, अशा चालण्याची मला लाज वाटते. मग ती त्यांच्या तळव्यात बोट ठेवते, एकदा दाबते आणि थांबते. माझा सेकंदकाटा एक फेरी पूर्ण करतो. दुसरी करतो. खालून हिसका येत नाही.

काल ती मला पुसता पुसता पुटपुटली. माझ्याशी नाही, तुमच्याशी. तिला ते मोठ्यानं सांगवत नाही, म्हणून मी सांगतो. तुमचंही कुणी दुसऱ्या गावी एकटं राहत असेल. फोनवर "बरा आहे" म्हणत असेल. घडी बिघडली, चप्पल सैल झाली, पेन हातातून सुटतो, असलं काहीबाही सांगत असेल. त्यावर हसू नका. येत्या रविवारी फोन नका करू, त्यांच्या घरी जा. त्यांच्या हातात हात द्या आणि म्हणा, दाबा पाहू.

दोन्ही हात. डावासुद्धा.