तेल चढलं की जहाज रांगतं

जगाचा अवघा सागरी व्यापार देवबागच्या आंतोन मास्तरांच्या नजरेखालून जातो. म्हणजे मास्तर विहिरीच्या कठड्यावर चढले तर. खाली अंगणात मोबाईलला रेंज नसते.

मास्तरांनी जन्मभर भूगोल शिकवला. त्यात समुद्र होते, जहाजांची भाडी नव्हती. पण हल्ली रोज सकाळी चहाच्या आधी ते कठड्यावर उभे राहून दोन आकडे बघत: कोळसा वाहून न्यायचं भाडं आणि जहाजाच्या तेलाचा भाव. गावाला वाटे, मास्तरांनी फंडाचे पैसे शेअरमध्ये घातले. मास्तरांनी बाजारात घातला होता तो मुलगा. दक्षिण आफ्रिकेतून कोळसा घेऊन जयगड बंदराला निघालेल्या जहाजावर जेरी इंजिनीयर होता.

आणि आत पलंगावर मास्तरांच्या पत्नी कार्मेलिनाबाई होत्या. घरी पाठवताना डॉक्टर म्हणाले होते, "आता त्यांना आवडेल ते खायला द्या." त्यांना पेजसुद्धा उतरत नव्हती.

बाजार जेरीनंच फोनवर समजावला होता. भाडं चढलं की मालकाला घाई, जहाज पळतं. तेल चढलं की जहाज रांगतं, तेल वाचवत. मधल्या समुद्रात कुठे उतरता येत नाही, हे मास्तरांना भूगोलामुळे ठाऊक होतं. तेव्हा जेरी आधी पोचतो की नंतर, हे त्या दोन आकड्यांवर होतं. कशाच्या आधी, ते मास्तर मनातसुद्धा पुरं करत नसत.

मग आखातात कुठेतरी काहीतरी पेटलं. तेल चढलं. मोबाईलच्या नकाशावर जेरीचं जहाज म्हणजे एक हिरवा बाण. तो जागचा हलेनासा झाला. मास्तर रोज संध्याकाळी तेर्साची जपमाळ ओढताना जागतिक शांततेसाठी प्रार्थना करू लागले. खुद्द पाद्रींना शांततेची इतकी घाई नव्हती.

शेजारचा होडीवाला तुकाराम कुंपणावरून विचारी, "मास्तरांनु, डिझेल काय म्हणता?"

"चढतला."

"मगे तुमी कित्याक रडतास? होडी माझी, डिझेल माझा!"

मास्तरांची नजर आत पलंगाकडे गेली. तुकारामानं पडवीतून आत पाहिलं, आणि त्याचा आवाज खाली आला. त्यानं मासळीची पिशवी पुढे केली. "मुडदुशे हाडलंय. बायक सार करून घाला."

सार झालं. मास्तरांनीच प्यायलं.

एका सकाळी मात्र तेल गडगडलं. भाडंही वर गेलं होतं आणि हिरवा बाण चांगला बोटभर सरकला होता. मास्तरांनी त्या वयात कठड्यावरून उडी मारली, एक चप्पल तिथेच राहिली, आणि ते पलंगाशी येऊन बसले.

"कार्मेलिन, आयकतंस गो? तेल पडला! भाडा चढला! जहाज आता धावतला. जयगडाक गर्दी नाय, वारो बरो आसा. आयताराच्या मिसापयलीच जेरी तुझ्या बाजूक बसतलो. आनी तेल आजून पडतला, माझो अंदाज आसा. खरा म्हणजे मागणीच नाय बाजारात…"

मास्तर बोलत राहिले. चीन झालं, ब्राझील झालं. कार्मेलिनाबाईंचे डोळे मिटलेले होते, पण ओठ हलले. मास्तरांनी कान जवळ नेला.

"आंतोन, तां सगळा ऱ्हवांदे," त्या म्हणाल्या. "माका जरा कुशीर वळय."