साखळीत बांधलेला खराटा

मित्रांनो, मला उडता येत नाही. कधीच येत नव्हते. ज्या साखळीने मला नगरसभेच्या भिंतीला जखडले आहे, तिची खरे तर काहीच गरज नाही. पण हे मी कुणाला आणि कसे सांगणार?

मी साधा, घरगुती खराटा. फ्रँकोनिया प्रांतातल्या डोंगरउतारावरच्या भूर्जाच्या काटक्या आणून अपोलोनिया नावाच्या बाईने मला बांधले. दांडा तिच्या नवऱ्याने तासला होता. पुढे तो सैन्यात गेला आणि परत आलाच नाही. घरात अपोलोनिया, तिची तीन-चार वर्षांची लेक सिबिला आणि नणंद मार्गारेटा एवढीच माणसे उरली.

अपोलोनिया घरीच बार्लीची बिअर करून विकायची. बिअर तयार झाली की ती मला दाराबाहेर आडवे टांगायची. मी दिसलो की वाटसरू समजायचे, आज इथे प्यायला मिळणार. एरवी मी अंगण झाडायचो. थंडी संपली की धुराड्यातली काजळीही काढायचो. मला खालून वर ढकलत नेले की माझे काळेभोर डोके छपरावर बाहेर निघायचे आणि अंगणात सिबिला टाळ्या पिटायची, "निघाला, निघाला! आई, अजून वर!"

एप्रिल सरताना गावातल्या बायका आपापले खराटे घेऊन जवसाच्या शेतात जात. दांड्यावर घोड्यासारखे बसायचे आणि उंच उड्या मारायच्या. जितकी उंच उडी तितके उंच पीक, असा आमच्याकडचा समज. पणज्या-आज्यांपासून हेच चालत आले होते.

"वहिनी, एवढ्याशा उडीने जवस गुडघ्याएवढाच राहील हो!" मार्गारेटा ओरडली.

"तू आधी आपलं बूड उचल जमिनीवरनं, मग मला शिकव!" अपोलोनिया म्हणाली आणि मला घेऊन अशी उसळली की बायका पोट धरून हसल्या. मित्रांनो, तेवढ्या क्षणापुरता मी जमिनीवर नव्हतो. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत सुखाचा दिवस.

त्या उन्हाळ्यात गारा पडल्या. लिंबाएवढ्या गारांनी गावाचे सगळे पीक झोपवले. अपोलोनियाचा तुकडा टेकाडाच्या आडोशाला होता, तो तेवढा वाचला. तेच तिच्या जिवावर उठले.

गावात योस्ट नावाचा खानावळवाला होता. त्याच्या आंबट बिअरपेक्षा लोकांना अपोलोनियाची बिअर आवडायची. तो बाजारात म्हणाला, "हिचंच शेत कसं वाचलं? मी डोळ्यांनी बघितलंय. खराट्यावर बसली होती आणि पाय जमिनीला नव्हते! चेटकीण आहे ती!"

त्याने पाहिले ते खोटे नव्हते. उडी मारताना कुणाचे पाय जमिनीला असतात? मग दुसऱ्या कुणाला आठवले की आपण मला तिच्या धुराड्यातून बाहेर येताना पाहिले होते. आठवडाभरात शिपाई आले. त्यांनी तिला नेले आणि मलाही नेले.

न्यायसभेत मला मेजावर ठेवले. एवढे मोठे पुरुष, पण माझ्यापासून चार हात लांब उभे होते.

"या खराट्यावर तू बसली होतीस?" न्यायाधीशांनी विचारले.

"बसले होते, सरकार. पीक वाढावं म्हणून."

"आणखी कोण होते?"

तेवढ्यात मागून मार्गारेटा उठली. तिच्या कडेवर सिबिला होती.

"सरकार, सगळ्याच बसतात. माझी आजीसुद्धा बसायची. त्यात काय एवढं?"

"सगळ्या म्हणजे कोण? नावे सांग. आणि तू? तूही होतीस?"

मार्गारेटाने वळून पाहिले. बाकांवर गावातल्या त्याच बायका बसल्या होत्या. एकीने डोक्यावरचा रुमाल पुढे ओढला. दुसरी जमिनीकडे बघू लागली. उठली एकही नाही. एक शिपाई मार्गारेटाच्या शेजारी येऊन उभा राहिला, तशी ती पांढरीफटक पडली.

अपोलोनियाने आपल्या लेकीकडे पाहिले. मग ती मोठ्याने म्हणाली, "खोटं बोलतेय ती, सरकार. मला वाचवायला बघतेय, वेडी कुठली. मी एकटीच होते."

"खरे आहे हे?"

मार्गारेटाने कडेवरच्या सिबिलाला घट्ट धरले. मग म्हणाली, "एकटीच होती. मी नव्हते."

"पोरीला घरी ने," अपोलोनिया तिला म्हणाली. "भूक लागली असेल तिला."

तिला गावाबाहेर जाळले. मलाही जाळायचे ठरले होते, पण ज्वाळांतून मी उडून गेलो तर काय, अशी कुणीतरी शंका काढली. म्हणून ही साखळी. मार्गारेटा पोरीला घेऊन डोंगरापलीकडे निघून गेली. माझ्या काड्या एकेक करून गळल्या. लोक मला बघायला येत, बोट दाखवत आणि थुंकत. माझ्यासमोरच धूळ साचायची, पण झाडायला मला कुणी सोडले नाही.

पुष्कळ वर्षांनी, जत्रेच्या दिवशी, एक म्हातारी नगरसभेच्या दाराशी येऊन थबकली. ती मार्गारेटा होती. तिच्याबरोबर एक तरुण बाई होती. बाईचा मुलगा धावत माझ्यापाशी आला.

"आई, खरंच उडायची ती यावर?"

"उडायची तर! गारा पाडायची मेली. लोकांच्या तोंडचा घास काढला तिने," बाई म्हणाली आणि वळली. "आत्या, तुम्ही पूर्वी याच गावात होता ना? पाहिलं होतं का हो तिला?"

मार्गारेटाने दाराची चौकट धरली होती. तिने माझ्याकडे पाहिले.

"आठवत नाही गं, सिबिला. चल, ऊन चढतंय."

जाण्याआधी सिबिलाने छातीवर क्रूसाची खूण केली. माझी बाधा होऊ नये म्हणून.

मित्रांनो, मला सोडवा असे मी म्हणणार नाही. झाडता येईल असे माझ्यात काही उरलेले नाही. पण जे तुम्ही सगळ्यांनी मिळून केले, त्याबद्दल कधी कुणा एकटीला उभे केले, तर खाली बघत बसू नका. त्या दिवशी सगळा बाक उठला असता तर अपोलोनिया वाचली असती का, ते मला सांगता येत नाही. कदाचित सगळ्याच जळाल्या असत्या. पण निदान एका मुलीने आपल्याच आईला शिव्या दिल्या नसत्या.