बोका नावाचं कुत्रं

आमचे हे पोस्टमन. माणूस सरळ, पण खोटं बोलायला लागले की इतकं वाईट बोलतात की ऐकणाऱ्यालाच लाज वाटावी. आत्ताआत्तापर्यंत मला त्याचं हसू यायचं.

त्या संध्याकाळी लंगडत घरी आले. पोटरीला रुमाल बांधलेला. काय झालं विचारलं तर म्हणे, सायकलची साखळी लागली. बघू म्हटलं तर पाय आखडून घेतला. "अगं, एवढंसं खरचटलंय, कशाला राईचा पर्वत करतेस?" करा काय करायचं ते, असं म्हणून मी पोळ्या लाटायला गेले. माझीच मती मारली गेली होती.

सुट्टीच्या दिवशी त्यांची खाकी पँट धुवायला काढली. पोटरीवर भोकं. दोन पुढून, दोन मागून. मी ती पँट तशीच ओली त्यांच्या पेपरावर नेऊन आपटली.

"अहो, तुमच्या साखळीला सुळे आहेत. शेपटी पण होती का?"

आधी हसले. मग माझं तोंड बघून हसायचे थांबले.

आता हे का लपवतात, ते सांगते. त्यांच्या ऑफिसचा नियम असा, की ज्या घरचं कुत्रं पोस्टमनला चावेल त्या घरी टपाल नेणं बंद. कुत्र्याला लस टोचल्याचा दाखला दाखवायचा, आरोग्य खात्याचे निरीक्षक हो म्हणाले की मगच पत्रं सुरू. नियम चांगलाच आहे हो! पण हे पोस्टमन सगळे पडले हळवे. घरोघरच्या चहावर वाढलेले. त्यामुळे कुत्रं चावलं तरी तोंडाला कुलूप. कुणाला खिळा लागतो, कुणाला तार लागते. बिचाऱ्या निम्म्या सायकली फुकटच्या बदनाम झाल्यात.

तशीच धरून दवाखान्यात नेली स्वारी. इंजेक्शनच्या खोलीतली नर्स माझ्या लेकीच्या वयाची, पण जिभेला धार माझ्यासारखी.

"काका, जखम धुतलीत का?"

"धुतली की. नळाखाली धरला पाय."

"साबण लावून? चांगली पंधरा मिनिटं?"

"अहो, पिशवी भरलेली होती. एवढा वेळ कुठून आणू?"

"वेळ नव्हता म्हणे! आणि इतके दिवस काय केलंत?" असं म्हणत तिने स्वतः पाय धुतला, खसाखसा नाही, हळू. मग जखमेच्या भोवताली सुया टोचल्या, दंडात लस दिली. ह्यांनी माझा हात असा आवळला की बांगडी रुतली. ओरडायला मात्र तोंड उघडलं नाही.

"कुत्रं कुणाचं?"

"रस्त्यावरचं."

नर्सने माझ्याकडे बघितलं. मी ह्यांच्याकडे. हे छताकडे.

"काका, पाळलेलं असेल तर सांगा. मारायचं नसतं त्याला, हाकलायचंही नसतं. बांधून दहा दिवस नजर ठेवायची. तुमच्यासाठी नाही, त्याच्या आसपासच्यांसाठी. एकदा का रेबीज झाला, की आमच्याकडे औषध नाही. जे करायचं ते आधीच करावं लागतं."

मी भांडण, पँट, सगळं विसरले.

बाहेर पडल्यावर मी रस्त्यातच उभी राहिले. नाव कळेपर्यंत हलणार नाही म्हटलं. मग सांगितलं. मास्तरीणबाईंचा बोका. हो, कुत्र्याचं नाव बोका! पिल्लू असताना दूध चोरून प्यायचा म्हणून. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहतात. कानाने ऐकू येत नाही, म्हणून फोनचा उपयोग नाही. लेक लांब असते, ती दर आठवड्याला हाताने पत्र लिहिते. ते पत्र आमचे हे नेतात.

"बोकाची लस राहिलीय," हे म्हणाले. "त्याला घेऊन जातील आणि टपाल पण बंद. त्या बाईला दुसरं आहे काय? मला मिळाली ना इंजेक्शनं? मग झालं."

"तुम्हाला मिळाली," मी म्हटलं. "त्यांना?"

खरं सांगते, हा विचार ह्यांच्या डोक्यातच आला नव्हता. जिला वाचवायला निघाले, तिलाच त्या कुत्र्याबरोबर एका घरात ठेवून आले होते. तशीच वाट वळवली.

मी आख्ख्या रस्त्याने शब्दांची जुळवाजुळव करत होते. कुत्रं पाळता येतं, लस टोचता येत नाही का, असं चांगलं फैलावर घेणार होते. बाईंनी दार उघडलं. ह्यांना बघून चेहरा फुलला.

"अगं बाई! सुट्टीच्या दिवशीसुद्धा पत्र?"

मग त्यांची नजर ह्यांच्या पायावर गेली. लंगडणं दिसलं. डावा हात पटकन पाठीमागे नेला, पण त्यावरची चिंधी मी बघितली होती.

"तुम्हालाही?" बाई म्हणाल्या.

मी वाकून आत बघितलं. बोका टेबलाखाली बसला होता. खालचा जबडा लोंबत होता, लाळेची तार जमिनीपर्यंत. समोर पाण्याचं भांडं काठोकाठ भरलेलं.

"दोन दिवस काही खात नाही, म्हणून घास तोंडात घालायला गेले. तुम्हाला कळलं तर तुम्हाला तक्रार करावी लागेल, म्हणून बोलले नाही," बाई म्हणाल्या. "मलम लावलंय."

दोघांनी एकमेकांसाठी तोंड शिवून घेतलं होतं! आमच्या ह्यांनी बाईंना हाताला धरून बाहेर आणलं, दार ओढून कडी घातली आणि जन्मात पहिल्यांदा स्वतःहून निरीक्षकांना फोन लावला. मी बाईंचा हात अंगणातल्या नळाखाली धरला आणि साबण लावत बसले. त्या खिडकीतून आत बघून रडत होत्या. मीही रडले. काय करणार?

बोका नेला त्याच्या दुसऱ्याच दिवशी गेला. तपासणीत जे निघायचं तेच निघालं.

आता दोघं इंजेक्शनच्या खोलीबाहेर एकाच बाकावर बसतात. निरीक्षकांचा होकार यायचाय, टपाल अजून बंदच आहे, म्हणून बाई पत्रं पोस्टाच्या खिडकीवरून आणतात आणि बाकावर वाचतात. हे शेजारी बसून ऐकतात. डॉक्टर म्हणाले, उशीर झालाय खरा, पण औषधं चांगली आहेत, धीर धरा. धीर काय दुकानात मिळतो?

नर्सला मी हळूच विचारलं होतं, सुरुवात कशी होते. ती म्हणाली, कशीही होऊ शकते, पण पुढे पाणी गिळता येत नाही. तेव्हापासून रोज सकाळी मी पाण्याचा पेला भरून ह्यांच्यासमोर धरते. कारण सांगत नाही. गळ्याकडे बघत राहते. घोट खाली उतरला की चहा ठेवते. मला वाटायचं, ह्यांना काही कळत नाही.

आज सकाळी पेला रिकामा केला, उलटा करून दाखवला. "बघ. सगळं प्यायलो."

मी तोंड फिरवलं.

"चहा जरा थांबव," चपला घालत म्हणाले. "बाईंकडे जाऊन येतो. त्यांना समोर बसून पाणी पाजायला कुणी नाही."