तापाचा वार आणि भरतीची वेळ

प्लेगाच्या त्या वर्षी गोपीनाथने नौपाड्यातलं घर सोडून कोलशेतच्या खाडीकाठी आमराईत झोपडी बांधली होती. मुंबईत सायन्स शिकून ठाण्याच्या शाळेत मास्तर झालेला माणूस. पण गेले चार दिवस तो मांडीवर नकाशा पसरून दोऱ्याने किनारा मोजत बसला होता.

त्याच्या सात वर्षांच्या मुलीला, जयाला, ताप येत होता. एका दिवसाआड, दुपारीच. हिवताप तो, प्लेग नव्हे. पण तपासणीवाल्यांना हे कोण पटवणार? स्टेशनात अंग गरम लागलं, की पोर थेट प्लेगाच्या छावणीत. तिथून परत आलेलं लेकरू अजून कोणी पाहिलं नव्हतं. शुक्रवारी झोपड्याही तपासणार होते.

म्हणून हा बेत. त्याच्या बायकोचं, तुळसाचं, माहेर केळव्याला. गुरुवारी ताप नसतो; पहाटे निघून राखीव जंगलातल्या पायवाटेने घोडबंदर गाठायचं. तिथून नाथा कोळ्याच्या होडीने खाडीपार. शुक्रवार तापाचा, वसईकडे वाडीत मुक्काम. शनिवारी ओहोटीला ओल्या वाळूवरून अर्नाळा, मग पुढची खाडी. असे पाच दिवस.

बुधवारी संध्याकाळी त्याने नाथाला हिशेब दाखवला. "उद्या सप्तमी. तिथीची पाऊणपट म्हणजे सव्वापाच. सव्वापाचला भरती पुरी."

नाथा हसला. "मास्तर, ती मुंबैची भरती. पानी काय आगगाडीने येतंय? इथं चढायला घटका-दोन घटका जास्त लागतात. सहा धरा. ओहोटी लागली की मी होडी सोडतो. वाटेत धक्क्यावर होड्या तपासतात, म्हणून तुम्ही जंगलातून या." मग तो गंभीर झाला. "माझ्या होडीत माझी पोरं बसतात. पान्यात हात घालून सांगा, पोरीला ते नाय."

गोपीनाथला शपथेचं काहीच वाटलं नाही. चार दिवसांच्या नोंदी वहीत होत्या. त्याने वाकून खाडीत हात बुडवला. "नाही. हिवताप आहे."

"बस," नाथा म्हणाला.

पहाटे तुळसाने भाकऱ्या फडक्यात बांधल्या आणि जयाला उठवायला गेली. ती तिथेच थांबली.

"अहो, हिचं अंग बघा."

"आज गुरुवार आहे," गोपीनाथ म्हणाला.

"वार मला नका सांगू."

त्याने थर्मामीटर लावला. एकशे तीन. झटकून पुन्हा लावला. एकशे तीन. रोज येणारा हिवतापही असतो, त्याने स्वतःला सांगितलं, पुस्तकात आहे.

"जांघेत गाठ आलीय, हात लावू देत नाही," तुळसा हळूच म्हणाली. "कालपासून लंगडत होती. मी बोलले नाही. म्हटलं, तुमचा बेत मोडेल."

तो वहीकडे बघत राहिला. ताप मोजला होता, पोरीचं चालणं कोणी लिहिलं होतं?

"कांबळ्यात गुंडाळून नेऊ," तुळसाने त्याचा हात धरला. "घोडबंदरपर्यंत कोण बघतंय? नाथाला काय कळतंय?"

बघणारं खरंच कोणी नव्हतं. त्याने जयाला उचललं, दारापर्यंत आला. तिचा श्वास मानेला भाजत होता. केळव्याला तुळसाच्या भावाची चार पोरं होती. होडीत नाथाची. त्याने जयाला परत तुळसाच्या मांडीवर ठेवलं आणि एकटाच काठाकडे धावला.

पाणी काठोकाठ, अगदी स्थिर होतं. नाथा दोर सोडत होता.

"निघालात नाय अजून? पोर कुठाय?"

गोपीनाथ गुडघ्यावर बसला, खाडीत हात घातला. "नाथा, काल सांगितलं ते खोटं निघालं."

नाथाने वल्ह्याने होडी काठापासून दूर लोटली. पाणी उतरू लागलं, होडी घोडबंदरकडे वळली.

"मास्तर!" त्याने लांबून हाक दिली. "उद्या ते लोक गावातून येतील. पोरीला एकटी सोडू नका. आईला संगं जाऊ द्या, पाय धरा त्यांचे!"

गोपीनाथचा हात अजून पाण्यातच होता. तो काढून परत झोपडीत जायचं होतं, आणि पोरीसोबत छावणीत जायचं, हे तुळसाला सांगायचं होतं.