लाल पाण्याचा उतार

या मित्रांनो, चुलीजवळ सरकून बसा. एका नावाची गोष्ट सांगतो. ऐकायला गोड नाही, पण ऐका.

मी एक म्हातारा, दगड हुंगणारा कुत्रा आहे. फिनलंडच्या उत्तरेला माझा जन्म गेला. देव कोणाला गळा देतो, कोणाला नाक. मला नाक दिलं. पिल्लू असताना माझ्यासाठी शेवाळाखाली तांब्याचे दगड लपवत. वासावरून एखादा शोधला की सॉसेजचा तुकडा मिळे. पुढे आउलिस नावाच्या भूगर्भतज्ज्ञाबरोबर फिरू लागलो. कुठे कोणता खडक आहे, जुन्या हिमनद्यांनी कोणते दगड कुठून ओढत आणले, हे सगळं तो एका नकाशात गोळा करत होता. खाणी शोधणाऱ्यांना त्यावरून दिशा मिळणार होती.

एका उन्हाळ्यात रिस्तिनच्या झोपडीमागे मी असाच एक दगड उकरला. रिस्तिन सामी जमातीची, रेनडिअर पाळणारी. तिने कॉफी उकळली, मला वाळलेलं मांस दिलं. म्हणाली, "दगड हुंगून पोट भरतं होय रे तुमचं? आमचं कुत्रं मग उगाचच कळपामागे धावतंय."

दगड मूळचा कुठला, ते आउलिसला कळेना. जुन्या नावांत जमिनीची खूण सापडते, म्हणून त्याने आसपासच्या जागांची नावं विचारली. जुन्या नकाशांत तिच्या बोलीतलं एकही नाव नव्हतं. ती हरखली. स्तोत्र म्हणावं तशी एकेक नाव सुरात सांगत गेली. शेवटी समोरच्या उताराकडे बोट केलं.

"ते रुक्सेसचाहत्सी. लाल पाणी. बर्फ तिथे आधी वितळतं, म्हणून माद्या तिथेच वितात."

पाणी लाल, म्हणजे जमिनीच्या पोटात खनिज गंजतंय. आउलिसचे डोळे चमकले. "आता ही जागा कोणी विसरणार नाही, मावशी," तो म्हणाला. आणि खरोखरच कोणी विसरलं नाही.

नकाशाची वाहवा झाली. माझ्याही गळ्यात पदक पडलं. मग वास घेणारी यंत्रं आली आणि मी आउलिसच्या अंगणात पडून राहिलो. उतारावर कुंपण चढलं, खाणीच्या फाटकावर तेच नाव झळकलं. वसंतात गाभण माद्या कुंपणालगत येरझारा घालून थकल्या, शेवटी बर्फातच व्यायल्या. पाडसं गारठून मेली.

रिस्तिन अंगणात आली. मी शेपूट हलवत पुढे गेलो, पण तिने माझ्याकडे पाहिलं नाही, सरळ आउलिससमोर जाऊन उभी राहिली.

"मी तुला नाव सांगितलं होतं रे. वाट नव्हती दाखवली."

आउलिस चाचरत म्हणाला, नकाशा काय, सगळ्यांसाठीच असतो.

"माद्या तिथे वितात, तेही सांगितलं होतं. ते कुठे लिहिलंस?"

त्या नकाशात त्यासाठी खूणच नव्हती.

मित्रांनो, दुसऱ्याच्या भूमीचं ज्ञान मागायला जाल, तर तो सांगेल ते सगळं लिहा. आपल्या कामाचं तेवढंच वेचू नका. मला आता कोणी रानात नेत नाही, त्याचं काही नाही. पण रस्त्यापलीकडच्या प्रार्थनाघरात रविवारी भजन चालतं, आणि कोकराची ओळ आली की रिस्तिनचा आवाज मध्येच थांबतो. तुमच्या प्रार्थनेत एकदा तिचं नाव घ्या.